ओले बोंबील: तव्यावर शिरा झाला, कुठे चुकलं?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

मंडळी, आधीच कबूल करतो, मी लातूरचा. आमच्याकडे मासा म्हणजे धरणावरून आलेला रोहू नाहीतर कटला. तुकडे करायचे, हळद-तिखट चोळायचं, तळायचं. बिघडण्यासारखं त्यात काही नसतं.

बायको उरणची. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा ताटात तळलेले ओले बोंबील आले. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. वास नाही, उग्रपणा नाही. तेव्हापासून मी या माशाचा भक्त आहे, पण आजवर नुसता खाणारा भक्त. ती सध्या माहेरी आहे, आठवड्याभराने परत येईल. तोवर शिकून घ्यावं आणि आल्या दिवशी ताट समोर ठेवावं असा बेत होता.

शनिवारी संध्याकाळी गणेश पेठेच्या मच्छी बाजारातून किलोभर आणले. बारा भरले. विकणाऱ्या बाईंनी साफ करून देऊ का विचारलं, मी ऐटीत नको म्हटलं. पिशवी तशीच फ्रीजमध्ये ठेवली. रविवारी दुपारी उघडली तर आत वाटीभर पाणी. हाताला बुळबुळीत लागत होते म्हणून नळाखाली धरून तो बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळले. मग मीठ, तिखट, लिंबू, रवा सगळं एकदमच लावून तासभर मुरवले. आत कच्चे राहू नयेत म्हणून आच मंद ठेवली.

पुढचं काय सांगू. उलटायला गेलो तर कालथ्यावर डोकं आलं आणि बाकीचा मासा तव्यावरच राहिला. दहा मिनिटांनी तव्यावर शिरा होता. तिखट शिरा. चव वाईट नव्हती, पण त्याला बोंबील म्हणायची हिंमत होत नाही.

कुठे चुकलं?

कांदाभजी

कुठे नाही चुकलं ते सांगा, लवकर संपेल. 😄

खाडीकाठची

कांदाभजी, नवशिक्याला हसू नका हो. आमच्या घरी नव्या सुनेलासुद्धा पहिल्या वर्षी बोंबलाच्या तव्याजवळ जाऊ देत नव्हते.

पर्वतीपायथा, तुमच्या चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. सुरमई, रावस हे घट्ट अंगाचे मासे. तुम्ही थोडं चुकलात तरी ते सांभाळून घेतात. बोंबील सांभाळून घेत नाही, कारण बोंबील म्हणजे पाणी. शंभर ग्रॅम बोंबलात पंच्याऐंशी ते नव्वद ग्रॅम पाणीच असतं. चरबी नावाला, काटा मऊ, मांस जेलीसारखं. म्हणून तर तो इतका सौम्य लागतो आणि आजाऱ्यालासुद्धा चालतो. त्या पाण्याचं काय करायचं हे आधी ठरवायचं, मसाल्याचं नंतर.

तुम्ही काय केलंत बघा. रात्रभर त्याला त्याच्याच पाण्यात बुडवून ठेवलंत. नळाखाली चोळून आणखी पाणी पाजलंत. मीठ लावून पाणी सोडायला लावलंत आणि वर रवा लावून ते पाणी तिथेच अडवलंत. मंद आचेवर तर तो तळला जाणारच नाही, स्वतःच्या पाण्यात शिजणार.

आता आधी सांगा, घेताना कसे दिसत होते?

पर्वतीपायथा

ताई, खरं सांगू? बोंबलासारखे दिसत होते. पांढरट, थोडे पिवळसर. तोंड उघडं.

पाचूबंदर

पिवळसर म्हटलंत तिथेच थांबतो. ते घरी येण्याआधीच गेलेले होते, अर्धा दोष तुमच्या माथी नाही.

मी मूळचा वसईचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या होडी. आता नोकरीमुळे ठाण्याला, पण बोंबील अजून घरून येतात. ताजा बोंबील कसा ओळखायचा ते सांगतो. अंगावर चकाकी हवी, मांस काचेसारखं, म्हणजे किंचित आरपार दिसल्यासारखं. तोंडाशी आणि कल्ल्यापाशी गुलाबी-लालसर छटा हवी. जसजसा शिळा होतो तसतसा तो दुधाळ होतो, मग पिवळा पडतो. पोट फुटलेला घ्यायचा नाही. मधोमध धरून उचलला की दोन्ही टोकं खाली लोंबतात, ती ताज्याचीही लोंबतात, त्यावरून काही कळत नाही. पण बोटाने हलकं दाबलं तर खळगा तसाच राहता कामा नये. वास समुद्राचा हवा. नाकात झोंबणारा वास आला तर पुढच्या पाटीकडे वळा.

एक सांगतो, बोट लावायच्या आधी मावशीला विचारा. बारा गिऱ्हाइकांनी बारा वेळा दाबला की बोंबील तिथेच मरतो (म्हणजे दुसऱ्यांदा). आमची आजी धंद्याला बसायची तेव्हा म्हणायची, नजरेनं बघ, हातानं नको.

आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुतलेत ते का? तो त्याचा स्वभाव आहे. तो जाईल तेव्हा मासाही गेलेला असेल.

लाल_माठ

वाचतेय. बोंबील घ्यायची हिंमत आजवर झालेली नाही.

मोरळी

खाडीकाठचीला अनुमोदन. आता कृती. आमच्याकडे (ठाणे, सीकेपी) बोंबील दाबल्याशिवाय तव्यावर जातच नाहीत.

डोकं, शेपटी आणि पर कापायचे. पोट साफ करायचं. मग पोटाच्या बाजूने उभी चीर देऊन पुस्तकासारखा उघडायचा आणि मधला काटा वरच्या टोकाला सोडवून हलकेच ओढायचा. मासा ताजा असेल तर अखंड निघतो. हे मोरळीवर सोपं जातं, पण छोटी धारदार सुरीही चालेल. पहिल्या वेळी कोळणीकडूनच करून घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त 'तळायला हवेत, उघडून द्या' असं सांगा.

मग एकदाच, भराभर पाण्यातून काढायचे. मीठ आणि हळद लावून चाळणीत अर्धा तास. त्यानंतर पोळपाटावर स्वच्छ पंचा घालायचा, त्यावर बोंबील एकाशेजारी एक पसरायचे, वर पंच्याचं दुसरं टोक, त्यावर ताट आणि ताटावर वजन. पूर्वी आम्ही पाटा ठेवायचो, वरवंट्यासकट. आता पाटा कोणाकडे असतो? पाण्याने भरलेला कुकर ठेवा. पोळपाट एका बाजूने किंचित उचलून ठेवला की पाणी मोरीकडे वाहतं. तास-दीड तासाने पंचा पिळून पाहा, किती पाणी निघतं ते. बोंबील अर्ध्या जाडीचे झालेले असतात आणि कापडासारखे उचलता येतात.

इथवर आलात की बाकी सोपं. आलं-लसूण वाटून, तिखट, थोडं कोकमाचं आगळ. मीठ आधीच लागलेलं आहे, पुन्हा घालू नका! पीठ मात्र तवा तापल्यावर, एकेका माशाला, टाकायच्या क्षणी लावायचं. आधी लावून ठेवलं की त्याची चिकी होते.

पर्वतीपायथा

मोरळी ताई, हे काळजात लिहून ठेवलं. फ्लॅटमध्ये पाटा नाही, पण शेजारच्या काकांचे डंबेल्स आहेत.

पीठ कुठलं पण? रवा की तांदूळ?

कांदाभजी

हा प्रश्न विचारायला नको होता. आता बघा.

मोरळी

तांदळाचं पीठ दोन भाग, बारीक रवा एक भाग. तांदूळ ओल धरून ठेवतो, रवा कुरकुरीतपणा देतो.

पाचूबंदर

रवा ही हॉटेलवाल्यांची सोय आहे. रव्याचं चिलखत असलं की आत कसलाही बोंबील खपतो. आमच्या घरी नुसतं तांदळाचं पीठ, तेही झटकून. मासा दिसला पाहिजे.

खाडीकाठची

दोघांचंही बरोबर आहे, पण नवशिक्याने मोरळीचं ऐकावं. दाबायला कमी पडला तर रवा लाज राखतो.

आच मध्यमपेक्षा थोडी मोठी, बिडाचा तवा असेल तर उत्तम. तवा नीट तापू द्या. एका वेळी चारच टाका, गर्दी केली की तवा थंड होतो आणि पुन्हा शिरा. पहिली बाजू तीन-चार मिनिटं हलवायचीच नाही. कडा सोनेरी झाल्या की कालथा आपोआप खाली सरकतो. एकदाच उलटायचं. झाकण नाही. तेल उडेल, चेहरा लांब ठेवा.

रापणीकार

आमच्या मालवणात बोंबील म्हंजे सुकेच. ओल्या बोंबलांची नि माझी वळख मुंबैक इल्यावर झाली आणि खरा सांगूचा तर माका अजून तो मासो वाटणत नाय.

(आता प्रमाण भाषेत.) पर्वतीपायथा, हात बसेपर्यंत मुडदुशी करून बघा. रत्नागिरीकडे रेणवी म्हणतात, मुंबईत लेडी फिश. तीही अशीच सौम्य, कमी तेलाची, गोड चवीची, पण अंगाने घट्ट. मीठ-हळद-आगळ लावून तळली की जमतेच. महाग असते, ही एकच तक्रार.

पाचूबंदर

रापणीकार, मुडदुशी छान, नाकारत नाही. पण बोंबील तुमच्याकडे मिळतच नाही म्हणून तुम्हाला तो मासा वाटत नाही. गुजरातेत जाफराबादपासून खंभातच्या आखातापर्यंत आणि तिथून पालघर, वसई, मुंबई, रायगड, हा त्याचा मुख्य मुलूख. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होतो आणि पार बंगालच्या बाजूला पुन्हा भेटतो.

आणि पकडण्याची रीतही वेगळी. तुमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आमच्याकडे डोल. डोल म्हणजे लांबलचक नरसाळ्यासारखं पिशवी-जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधून ठेवायचं, प्रवाहाच्या समोर. मासा मागे लागून पकडायचा नाही, पाणीच त्याला आत आणतं. पाणी फिरायच्या वेळी जाळं उचलायचं. त्यामुळे सगळं भरती-ओहोटीच्या जोरावर. पुनव-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, प्रवाहाला ओढ असते, तेव्हा डोलीत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली भरभरून. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद, जाळं हलकं. म्हणून पुण्यात बसून बोंबील खायचे असतील तर आधी कालनिर्णय बघा, मग बाजारात जा. पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. भांगात जो बोंबील मिळतो तो बहुतेक लांबच्या होडीचा, बर्फात चार दिवस काढलेला.

लाल_माठ

हे माहीतच नव्हतं. चंद्र बघून मासे घ्यायचे!

मोरळी

आमची आई करायची हे. तिला कारण माहीत नव्हतं, पण "आज अष्टमी, आज मटण" हे ठरलेलं असायचं.

जायकवाडीचा_बगळा

पाचूबंदर, महिने कुठले चांगले?

पाचूबंदर

जून-जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. ऑगस्टमध्ये समुद्र उघडला, नारळी पौर्णिमा झाली की सुरुवात. सप्टेंबर ते डिसेंबर-जानेवारी उत्तम.

एक विनंती. बोटाएवढे बारके बोंबील घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायचं किमान आकारमान ठरवलं, त्यात बोंबलाला १८ सेंटीमीटर आहे. म्हणजे साधारण एक वीत. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. आमच्या बोंबलाला कोणी विचारलं नाही, पण असो. पापलेट दिवाणखान्यातला, बोंबील स्वयंपाकघरातला.

पर्वतीपायथा

हे सगळं वाचून वाटतंय की मी पिवळे बोंबील घेतले, तेही अष्टमीला. कालनिर्णय काढून पाहिलं. हो, अष्टमीच होती.

पुढचा प्रश्न. ताजे मिळालेच तर शनिवारी आणून रविवारपर्यंत ठेवायचे कसे? की ठेवायचेच नाहीत?

खाडीकाठची

ठेवायचेच नाहीत. सकाळी आणायचे, दुपारी खायचे.

मोरळी

पुण्यात हे कसं जमायचं, ताई. रात्रीच्या गाडीने येतात, बाजारात सकाळी मिळतात, आठवड्याला माणूस ऑफिसात.

असं करा. आणल्याबरोबर साफ, उघडून, मीठ-हळद. मग एका पसरट डब्यात जाळीची चाळणी ठेवून तिच्यावर बोंबील पसरायचे, म्हणजे पाणी खाली साठेल आणि मासा वर कोरडा राहील. वर झाकण, फ्रीजच्या सर्वात थंड कप्प्यात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिनधास्त. उलट पाणी रात्रभर निथळल्यामुळे दाबायला अर्धाच वेळ लागतो. बंद पिशवी मात्र कधीही नाही.

जायकवाडीचा_बगळा

फ्रीझरमध्ये टाकून महिनाभर?

तुरटी

फ्रीझरबद्दल मी बोलू शकते, अन्नप्रक्रियेत काम करते.

साध्या भाषेत सांगायचं तर दोन अडचणी. पहिली पाण्याची. घरच्या फ्रीझरमध्ये मासा सावकाश गोठतो, सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि मांसाचे धागे फाडतात. सुरमईत हे थोडं जाणवतं. ज्या माशात नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी आहे त्यात काय होईल, विचार करा. वितळला की पाणी वेगळं, मासा वेगळा.

दुसरी कमी लोकांना माहीत असते. बोंबील ज्या कुळातला आहे त्या माशांत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकरही असतं. गोठवलेल्या अवस्थेतही हे काम हळूहळू चालू राहतं. त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि ते प्रथिनांना एकमेकांत जखडतं. म्हणून बरेच दिवस फ्रीझरमध्ये राहिलेला बोंबील पाणीही सोडतो आणि वर रबरासारखा चिवटही होतो. कोणी औषध मारलं असं नाही, तो माशाचाच गुण आहे.

त्यातल्या त्यात उपाय हवा असेल तर पाणी काढल्यावर गोठवा, आधी नाही. म्हणजे मोरळीच्या पद्धतीने पूर्ण दाबून, मसाला आणि पीठ लावून, ताटात सुटे सुटे ठेवून कडक गोठवायचे आणि मग डब्यात, मध्ये बटर पेपर. तळताना वितळवायचे नाहीत, थेट गरम तेलात. दहा-पंधरा दिवसांत संपवा. ताज्यासारखे लागणार नाहीत, पण शिरा होणार नाही.

थेम्सकाठी

तुरटी, हे आधी कळलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी दुकानांत गोठवलेले बोंबील मिळतात, 'लोइट्टा' नावाने, विटेसारख्या ठोकळ्यात. मी तो ठोकळा रात्रभर चाळणीत, फ्रीजमध्येच, वितळू देतो. खाली पातेलंभर पाणी जमतं. मग किचन रोलमध्ये गुंडाळून वर मराठी शब्दकोश. (जाडजूड आहे, शेवटी उपयोगी पडला.) दहापैकी सहा तव्यावर टिकतात.

अवांतर: १९९७ मध्ये युरोपीय समुदायाने सुक्या बोंबलाच्या आयातीवर बंदी आणली होती, तेव्हा इथल्या जुन्या करी हाऊसवाल्यांनी आणि खवय्यांनी ती उठावी म्हणून मोहीम चालवली होती. नंतर नियमांत बसवून आयात सुरू झाली. इंग्रज माणूस सुक्या बोंबलासाठी भांडतो हे पाहून ऊर भरून येतो.

जायकवाडीचा_बगळा

बोंबलाचं बॉम्बे डक हे इंग्रजी नाव टपालाच्या 'बॉम्बे डाक' गाडीवरून पडलं ना? डब्यात सुक्या बोंबलाचा वास सुटायचा म्हणून?

थेम्सकाठी

गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ ची. 'बॉम्बे डक' हा शब्द त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडतो.

हावड्याची_सून

अय्या, लोइट्टा! माझं सासर कोलकात्यात. इथे 'लोटे माछ' म्हणतात आणि मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

पर्वतीपायथा, तुमचा शिरा चुकीचा नव्हताच. इथे तो मुद्दाम करतात, त्याला 'झुरो' म्हणतात. लोट्याला इथे कोणी दाबत बसत नाही. साफ केलेले मासे कढईत टाकायचे आणि फुटू द्यायचे. पाणी सुटतं, ते आटू द्यायचं. काटा वर आला की चिमट्याने काढायचा. दुसऱ्या कढईत मोहरीचं तेल, भरपूर बारीक कांदा, भरपूर लसूण, आलं, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद-तिखट. सगळं परतून त्यात तो फुटलेला मासा घालायचा आणि मोठ्या आचेवर परतत राहायचं, हात दुखेपर्यंत. तेल सुटून मोकळा, खिम्यासारखा झाला की कोथिंबीर. गरम भात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, हा मासा बिघडलाय. आता दर पंधरा दिवसांनी करते. तुम्ही फक्त दहा मिनिटं लवकर थांबलात.

कांदाभजी

म्हणजे लातूरचा माणूस नकळत बंगाली स्वयंपाक करत होता.

पाचूबंदर

मासा फोडून परतायचा? आमच्या आजीने ऐकलं असतं तर... असो. करून बघतो. गुपचूप.

खाडीकाठची

हावड्याच्या सूनबाई, फार छान. मी वर म्हटलं ना, पाण्याचं काय करायचं ते आधी ठरवायचं. तळायचा तर पाणी काढा, झुरो करायचा तर आटवा. कालवणात मात्र तेच पाणी वापरायचं असतं. तिथे लोक चुकतात, आधीच तांब्याभर पाणी ओततात आणि मग मासा आणखी सोडतो.

कालवण असं. तेलात ठेचलेला लसूण लाल करायचा. हळद, घरचा मसाला, वाटलेली कोथिंबीर-मिरची, चिंचेचा कोळ, अर्धी वाटी पाणी, मीठ. हे दाटसरच उकळू द्या, कच्चा वास जाईपर्यंत. मग बोंबील, डोकं काढून दोन तुकडे केलेले, अलगद सोडायचे. यासाठी काटा काढायचा नाही, दाबायचेही नाहीत. चार-पाच मिनिटं, बास. डाव घालायचा नाही! पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल हलवायचं. आच बंद, झाकण, आणि ताटं घ्या. एप्रिल-मेमध्ये चिंचेऐवजी कैरीच्या फोडी.

मोरळी

आणि भुजणं विसरलात की काय?

पाचूबंदर

भुजण्याचं मी सांगतो, ते आमच्याकडचं. (चिकन-पोह्यांचं आगाशीचं भुजिंग वेगळं, त्यात गल्लत नको.) कांदा बारीक उभा चिरून, बटाट्याच्या पातळ चकत्या, कोथिंबीर-मिरची-आलं-लसणाचं हिरवं वाटण, हळद, मीठ, कोकम, कच्चं तेल जरा सढळ हाताने. सगळं पातेल्यातच हाताने चुरायचं. फोडणी नाही, परतणं नाही, पाण्याचा थेंब नाही. वर बोंबील मांडून झाकण, मंद आच. बोंबलाच्या पाण्यात सगळं शिजतं.

मोरळी

आणि बटाटा कच्चा राहतो. आधी बटाटा-कांदा दहा मिनिटं वाफवून मग बोंबील ठेवायचे.

पाचूबंदर

बटाटा पातळ चिरला तर नाही राहत.

मोरळी

राहतो.

पाचूबंदर

विळी लावून घ्या.

संपादक_मंडळ

भुजण्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे ओले बोंबील चालू राहू द्या.

रापणीकार

ओले नि सुके दोन्ही चालांदेत. सुके बोंबील ठेवण्याचं मी सांगतो, त्यात आम्हीही पुढे आहोत.

मे महिन्यात आगोटीची बेगमी भरायची तेव्हा बोंबील कडक बघून घ्यायचा, वाकवला की काडीसारखा मोडला पाहिजे. रंग फिक्कट सोनेरी. तांबूस-काळपट पडलेला पावसात भिजलेला असतो. आणल्यावर दोन उन्हं द्यायची, डोकी-शेपट्या कापून टाकायच्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या घट्ट डब्यात. श्रावणापर्यंत हात लावायची गरज नाही.

पाचूबंदर

बरोबर. सुकवतानाही त्याला मीठ लावत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूच्या वलांडीवर टांगायचे. ते वाकडे दात एवढ्यासाठीच दिलेत असं आम्ही लहानपणी समजायचो. कडक ऊन, वारा, तीन-चार दिवस. मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळ्या वलांडी वाया, पाहून पोटात कालवतं.

लाल_माठ

गॅसवर भाजून, कच्चा कांदा, लसूण, लाल तिखट घालून ठेचलेला सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी. एवढंच मला येतं आणि एवढंच पुरतं. शेजाऱ्यांना आधी कळवावं लागतं.

पर्वतीपायथा

मंडळी, निकाल घेऊन आलोय.

पौर्णिमेनंतरच्या शनिवारी पहाटे सहाला बाजारात गेलो. त्याच बाईंकडे. हात न लावता, नजरेने बघून म्हटलं, "मावशी, गुलाबी तोंडाचे द्या." त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि समोरची पाटी सोडून मागची पाटी पुढे ओढली. उघडून, काटा काढून दिले.

मीठ, हळद, चाळणी. संध्याकाळपर्यंत पातेल्यात भरपूर पाणी. मग काकांचे डंबेल्स. एकदा ताट घसरलं आणि एक डंबेल ओट्यावरून खाली आला, फरशीला टवका गेला, तो आता पायपुसण्याखाली आहे. दोन भाग तांदूळ, एक भाग रवा. तवा धूर येईपर्यंत तापवला. पहिले दोन घाईत उलटले आणि मोडले, त्यांना लगेच बाजूच्या कढईत कांद्याबरोबर परतून झुरो केलं. उरलेले दहा अखंड उतरले. दहा!

बायको रात्री आठला आली. ताट समोर ठेवलं. तिने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा घेताना थांबली आणि विचारलं, "काटा कोणी काढला?"

मी अभिमानाने सगळी पद्धत सांगितली. पोळपाट, पंचा, डंबेल्स.

ती म्हणाली, "आमच्याकडे काट्यासकटच तळतात. तो मऊ काटा चावायलाच तर मजा असते."

मोरळी ताई, पाचूबंदर दादा, आता काटा ठेवून दाबायचे कसे ते सांगा. पुढची अमावास्या शुक्रवारी आहे.

पाचूबंदर

मी म्हणणारच होतो. आमच्याकडेही काटा काढत नाहीत.

मोरळी

मग आठवडाभर गप्प का बसलात?